अर्धी शाल

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनी बाबनरावांना संघटनेचं अध्यक्ष केलं, तेव्हापासून ते खुल्या व्यापाराशिवाय दुसरं काही बोलेनात. त्यांच्या कारखान्यातले टॉवेल जवळजवळ सगळे एकाच देशात जायचे. त्या देशानं किमतीच्या निम्मं आयात शुल्क लावलं आणि इथले माग बंद पडायला लागले. आज तिथला व्यापार अधिकारी कारखान्यात त्यांची बाजू ऐकायला येणार होता. शुल्क उठलं नाही, तर दिवाळीला कारखान्याला कुलूप.

पाहुणा आला आणि बाबनराव दणक्यात बोलले. देशादेशांत करार करा, अडसर काढा, माल येऊ द्या, जाऊ द्या! मुलगी धनश्री भराभर इंग्रजीत सांगत होती. पाहुणा मान डोलवायला लागला. आता शाल-श्रीफळ दिलं की काम फत्ते.

बाबनरावांनी शाल उलगडली. ती पाहुण्याच्या एका खांद्यावरच संपली.

"बाकीची कुठं गेली?" बाबनरावांनी दातओठ खात विचारलं.

गेटवरचा चौकीदार कवडू पुढे आला. "चौकीत आहे ना साहेब. उमरेडच्या अनुसयाबाईनं विणलेली शाल, म्हणजे बाहेरचं कापड. गेटातून आत येताना अर्धं कापून ठेवाचं, असा तुमचाच हुकूम आहे."

हुकूम त्यांचाच होता. कामगार गेटवर अनुसयाबाईंकडून उमरेडचे टॉवेल घ्यायचे आणि बाबनरावांच्या कारखान्यातल्या दुकानात माशा बसायच्या, म्हणून काढलेला.

"अन् आज काहून कापली?"

"सूट द्याची, ते तुम्ही सांगतलं नाही ना साहेब."

धनश्रीनं, कोण जाणे का, हेही इंग्रजीत सांगून टाकलं. पाहुणा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, मग काहीतरी बोलला.

"बाबा, ते म्हणून राहिले, त्यायच्या गावातही एक बाबनराव आहे," धनश्री म्हणाली. "तोही टॉवेलच बनवते. त्यानंच तुमच्यावर शुल्क बसवाले लावलं."

पाहुणा गेला. बाबनराव गेटवर आले. उरलेली शाल खुंटीवर लटकत होती. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

"साहेब, काढू का हा नियम?" कवडूनं विचारलं.

तेवढ्यात समोर एसटी थांबली आणि अनुसयाबाई टॉवेलांचं गाठोडं घेऊन उतरल्या.

"थांब गा," बाबनराव म्हणाले. "पहिले त्या देशाले त्यायचं शुल्क काढू दे."

कवडूनं कात्री उचलली.