पुठ्ठ्याखालची पट्टी

संग्रहालयाच्या माडीवर, बाइंडरबाईंच्या टेबलावर त्या आठवड्यात दोन पाहुणे होते. खालच्या दालनात यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या दुर्मीळ हस्तलिखितांचं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक पुस्तक काचेत नीट उघडं राहावं म्हणून त्याच्या मापाचा आधार बनवायचं काम बाईंकडे होतं. एक पाहुणा म्हणजे गावातल्या यहुदी प्रार्थनाघरातली हिब्रू धर्मग्रंथाची चामड्याची गुंडाळी. दुसरा म्हणजे टेकडीवरच्या ख्रिस्ती मठातून आलेलं लॅटिन शुभवर्तमान, येशूचं चरित्र. त्याच्या एका पानावर सोन्याचा एवढा मोठा मुलामा होता की जाहिरातीच्या फलकांवर तेच पान छापलं होतं. बाईंचा नवरा म्हणायचा, "तुझे पेशंट कुरकुरत नाहीत, हे तुझं नशीब."

उद्घाटनाला तीन दिवस राहिले असताना बाई शुभवर्तमानाचा मागचा पुठ्ठा किती कलतो ते मापत होत्या. आतला चिकटवलेला कागद एका कोपऱ्यात सुटला होता. त्याखाली दोन बोटं रुंदीची चर्मपत्राची पट्टी दिसली, तिच्यावर शाई होती. पुस्तकाची पाठ पक्की व्हावी म्हणून जुने बाइंडर अशा रद्दीच्या पट्ट्या लावत, त्यात नवल काही नव्हतं. पण ही अक्षरं रेघेवर उभी नव्हती. आपल्या अक्षरांसारखी वरच्या रेघेला लोंबत होती. तशीच अक्षरं बाई गेले आठ दिवस शेजारच्या गुंडाळीवर बघत होत्या.

त्यांनी प्रदर्शनाच्या साहेबांना वर बोलावलं. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान. प्रदर्शन संपल्यावर सविस्तर नोंद करू. आत्ता कोपरा दाबून टाका."

बाईंचं मन धजेना. दुपारी प्रार्थनाघराची देखभाल करणारे काका आपली गुंडाळी नीट आहे ना, हे पाहायला आले. बाईंनी त्यांच्यापुढे भिंग सरकवलं.

काका बराच वेळ वाकून वाचत राहिले. मग खुर्चीवर बसले. "वंशावळ आहे. अमका हा तमक्याचा मुलगा, अशी यादी. आम्ही उजवीकडून वाचतो, आणि डावी बाजू कापली आहे. म्हणजे मुलं राहिली, बाप गेले." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "आमचं पुस्तक कापून यांचं पुस्तक बांधलं. ही पट्टी काढून द्या."

"मला असं परस्पर काढता येणार नाही, काका. पुस्तक मठाचं आहे."

"मग मठाला बोलवा."

मठाचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, हातात छत्री आणि पायात धुळीने माखलेले बूट. काका आधीच येऊन बसले होते. साहेब दारात घड्याळ बघत उभे होते. सिस्टरनी पट्टी पाहिली, काकांनी सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आमच्या घरात झालं. माझ्याआधी कैक पिढ्या झालं असेल, पण आमच्याच घरात."

काका भांडायच्या तयारीने आले होते. त्यांनी सिस्टरसाठी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, ही निघते का?" सिस्टरनी विचारलं.

बाईंनी खरं ते सांगितलं. "निघते. पण पाठ तिच्यावरच तोलली आहे. काढली की पानं सुटतील आणि पट्टीही अखंड हाती येईल याची खात्री नाही. सरस फार मुरलाय. आहे तिथे राहिली तर दोन्ही टिकतील."

काकांनी चष्मा काढून पुसला. "राहू दे तिथेच," ते शेवटी म्हणाले. "पण पुन्हा कागदाखाली झाकायची नाही."

"मग हीच दाखवू," सिस्टर म्हणाल्या. "पुस्तक मागून उघडा."

साहेब दारातून आत आले. "सिस्टर, गावभर सोनेरी पानाचे फलक लागलेत. लोक ते बघायला येणार."

"पान कुठलं उघडायचं ते आमच्या संमतीने, असं तुमच्याच करारात आहे. मी दोनदा वाचून सही केली होती."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई पट्टीचं माप घ्यायला लागल्या होत्या.

पहिला आधार वाया गेला. बाईंनी दीड दिवसात नवा कापला, कारण पुठ्ठा आता उलट्या बाजूला कलणार होता. काचेशेजारी लावायच्या माहितीच्या चिठ्ठीवरून मात्र घोळ झाला. साहेबांनी लिहिलं, 'जुन्या चर्मपत्राचा पुनर्वापर'. काका म्हणाले, "कापलं म्हणा." सिस्टर म्हणाल्या, "कापलं, असंच लिहा." साहेबांनी शब्द बदलला.

उद्घाटनाच्या दिवशी बरेच जण हिरमुसले. फलकावरचं सोनं शोधत लोक काचेशी येत, तपकिरी पट्टी बघत आणि पुढे सरकत. एका गृहस्थांनी तर रखवालदाराकडे तक्रारही केली. चिठ्ठी वाचणारे मात्र परत मागे येऊन वाकून बघत.

दुपारी काका प्रार्थनाघरातल्या आठ-दहा जणांना घेऊन आले आणि त्यांना एकेक ओळ वाचून दाखवू लागले. अमका, मुलगा कुणाचा, तर पुढे काही नाही. दुसरा, मुलगा कुणाचा, पुढे काही नाही. सिस्टर मागेच उभ्या होत्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी पुढचं नाव हलकेच सांगितलं.

काका वळले. "तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या बायबलातही हीच यादी आहे. काल काढून बघितली." त्यांनी झग्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

मग काका मुलाचं नाव वाचत आणि सिस्टर कागदावरून बापाचं. पाचव्या नावाशी गाडं अडलं. काकांच्या मते सिस्टरचा उच्चार साफ चुकीचा होता. सिस्टर म्हणाल्या, आम्ही लहानपणापासून असाच करतो. दोघांचे आवाज चढले. मागच्या रांगेचा खोळंबा होतोय, असं रखवालदाराने दोनदा सांगितलं.

बाई खांबाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना ना हिब्रू कळत होतं ना लॅटिन. सात ओळी संपेपर्यंत त्या थांबल्या, आधार कुठे खचला नाही ना ते काचेतून एकदा निरखून पाहिलं आणि जिना चढून कामाला गेल्या.