‘क्लीन’च्या चिठ्ठ्या

जोनस मास्तरांच्या टेबलावर त्या आठवड्यात ‘क्लीन’ या शब्दाचा ढीग पडला होता. दूर शहरात इंग्रजीचा मोठा शब्दकोश तयार होत होता. त्याच्यासाठी देशभरातली हौशी माणसं जुनी पुस्तकं चाळून चिठ्ठ्या पाठवत. वर शब्द, खाली साल, पुस्तक, पान, मग वाक्य. वाक्य छापील हवं, तोंडी बोलण्याला किंमत शून्य. मास्तर वाक्यं शोधायचे आणि त्यांची थोरली मुलगी टेमर ती उतरवायची. लग्न राहिलं ते राहिलंच, निदान अक्षर तरी कामी आलं, असं ती स्वतःच म्हणे.

“मूळ अर्थ ऐक,” मास्तर खुशीत होते. “लख्ख. उजळ. झऱ्याच्या पाण्यासारखं आरपार. जर्मन भाषेत याचंच भावंड आहे, तिकडे त्याचा अर्थ झाला लहान, नाजूक! विटाळबिटाळ काही नाही हो मुळात.”

“मग डॉर्कसला का नाही येऊ देत घरात?”

मास्तर चष्मा पुसत बसले.

डॉर्कस धाकटी. नऊ दिवसांपूर्वी तिला मेलेलं मूल झालं. नवरा डोंगरापलीकडे शिशाच्या खाणीवर, तो शनिवारी यायचा. बाळंतिणीवर चर्चमध्ये प्रार्थना म्हटली जाईपर्यंत तिनं कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला तर त्या घरावर संकट येतं, असं अख्खं गाव मानी. मास्तर मानत नव्हते. पण शाळेतली पोरं लोकांनी काढून नेली असती ना! म्हणजे न मानणारा माणूसही मानणाऱ्यांच्याच रांगेत.

गुरुवारी दुपारी गारठ्यात दार वाजलं.

“ताये, उघड गं. जळण संपलंय. नुसती हुडहुडी भरलीय. थोडा वेळ चुलीपाशी बसते आणि जाते.”

टेमरचा हात कडीवर गेला.

“थांब,” मास्तर कुजबुजले. “समोरच्या घरातली पर्टबाई खिडकीत उभी आहे.” मग दाराशी येऊन म्हणाले, “पोरी, रविवार काय लांब आहे? पाद्रीसाहेब प्रार्थना म्हणतील, मग ये, हवी तेवढी बस. जळण पाठवतो.”

“बाबा, मी अंघोळ केलीय. दोनदा केली. मी स्वच्छ आहे हो.”

टेमरचा हात कडीवरच होता. कडी काही जड नव्हती. आजवर हजारदा काढलेली, एका बोटानं निघणारी कडी! पण पस्तीस वर्षं बापाचं ऐकलेला हात तो, जागचा हलला नाही. बाहेरची पावलं हळूहळू उतारावरून गेली.

“टपाल तीनला निघतं,” मास्तर म्हणाले. “उरलेल्या सहा चिठ्ठ्या संपव आणि मग जळण घेऊन जा.”

तिनं त्या संपवल्या. हेच तिला पुढं जन्मभर खात राहिलं.

जळणाची टोपली घेऊन ती डॉर्कसच्या घरी पोचली तेव्हा डॉर्कस थंड चुलीसमोर भिंतीला टेकून बसली होती. अंग तापानं फणफणलेलं. टेमरला तिनं ओळखलं नाही. शुक्रवारी सकाळी ती गेली.

मग बाया आल्या. पर्टबाई सगळ्यांच्या आधी, हातात गरम पाण्याचं घमेलं. डॉर्कसला न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, तिनं कपाळावरून हात फिरवला. “झाली बाई स्वच्छ,” ती रडत म्हणाली. रडणं खरं होतं, हे आणखी वाईट.

सोमवारी मास्तर पुन्हा टेबलाशी बसले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. टेमरनं एक चिठ्ठी पुढं सरकवली. वर शब्द ‘क्लीन’. साल १८८७. खाली वाक्य: ‘बाबा, मी स्वच्छ आहे हो.’

“पुस्तक?” सवयीनं मास्तरांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी तोंडावर हात दाबला.

“पुस्तकाच्या जागी आपल्या दाराचं नाव लिहा,” टेमर म्हणाली.

मग ती उठली, कडी काढून दार सताड उघडलं आणि खाली दगड लावून ठेवला. वारा आत आला. ‘क्लीन’च्या चिठ्ठ्या टेबलावरून उडाल्या, जमिनीवर पसरल्या, काही चुलीत गेल्या. मास्तर थंडीनं कुडकुडत होते. पण दार लाव, असं काही ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही.