आपोआप मांडणी

संगणकाच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यापासून चार बोटे खाली वयस्कर अभियंत्यांनी बाण नेला आणि माऊसचे बटण दाबले. श्वासयंत्राच्या आकृतीत श्वासाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा ठोकळा गेली पाच वर्षे तेथेच वसत आला होता. आज तेथे काहीच उघडले नाही. त्यांनी पुन्हा दाबले. रिकाम्या जागेने उत्तर तरी काय द्यावे?

"चिमणे," आवाजावर शक्य तितका ताबा ठेवून त्यांनी विचारले, "या आकृतीला कोणी हात लावला का गं?"

"मी लावला, सर!" शेजारच्या टेबलावरची कनिष्ठ अभियंता उत्साहाने म्हणाली. अखंड चिवचिवाटामुळे तिला हे नाव पडले होते आणि तिनेही ते आनंदाने मिरवले होते. "तारांचं नुसतं जंजाळ झालं होतं. जेवणाच्या सुट्टीत 'आपोआप मांडणी'चं बटण दाबून टाकलं. बघा ना, सगळे ठोकळे कसे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिलेत!"

"मागे घेता येईल?"

"नाही, सर. नोंदीत तारांचे बदल राहतात, जागांचे नाही राहत. पण यंत्राला कुठे काय फरक पडतो? कोण कुठे बसलंय ते त्याला नकोच असतं. कोण कोणाला जोडलंय, तेवढं पुरे. तुम्हीच शिकवलंत."

त्यांनीच शिकवले होते. एक ठोकळा म्हणजे एक काम. एक तार म्हणजे त्या कामाचे फळ पुढच्याच्या ओंजळीत नेऊन घालणारी वाट. वाटा अबाधित असतील तर ठोकळे पडद्यावर कोठेही ठेवावेत, अर्थ तोच राहतो. यंत्रापुरता तोच राहतो.

माणसाचे तसे नव्हते. ज्या वस्तूकडे ते थेट पाहत, नेमकी तीच एका करड्या डागाखाली बुडून जाई. उरे ती केवळ कड. हा डाग पडून बराच काळ लोटल्यावर, वर्षापूर्वी नेत्रवैद्यांनी निदान सांगितले आणि वाचन हळूहळू सुटेल असे बजावले, तेव्हा पत्नीने घरातल्या घरात वृत्तपत्र मोठ्याने वाचायला आरंभ केला. कचेरीत मात्र त्यांनी अवाक्षर काढले नव्हते. दोनशे चौदा ठोकळ्यांच्या जागा त्यांच्या हाताला पाठ होत्या. त्या जागांच्या आधारावर त्यांनी आपली लाज झाकून ठेवली होती.

दार उघडून विभागप्रमुख आत डोकावले.

"काय आजोबा, दोष सापडला का? पाचला गाडी येतेय."

गाडी नवजात बालकांचे श्वासयंत्र रुग्णालयात नेणार होती. सकाळच्या चाचणीत, श्वास थांबल्यावर धोक्याची घंटा तब्बल अकरा सेकंद उशिरा वाजली होती.

"सापडेल," ते म्हणाले.

"सापडायलाच हवा. आज नाही गेलं तर वरचे हा प्रकल्पच गुंडाळणार आहेत. मग तुम्ही, मी आणि ही चिमणी, तिघंही घरी बसून माश्या मारू." प्रमुख हसले. "पण मला कसली काळजी! या आकृतीची नस अन् नस तुम्हाला ठाऊक आहे."

दार मिटले. त्यांनी नाक पडद्याला टेकेल इतके पुढे होऊन पाहिले. अक्षरे वाढवली, आणखी वाढवली. शेवटी पडद्यावर दोनच शब्द मावू लागले आणि त्या दोन शब्दांच्या अलीकडे काय, पलीकडे काय, हे कळेनासे झाले. मान तिरकी करून कडेने एखादी तार पकडावी, तिच्यामागे जावे, तो ती वळणावर निसटे. पुन्हा आरंभ करावा, पुन्हा निसटे. सदरा पाठीला चिकटला. तासभर असा गेला. भिंतीवरचे घड्याळ त्यांना दिसत नव्हते, परंतु त्याची टिकटिक आता कानशिलांत ऐकू येत होती.

"चिमणे, इकडे ये. मला वाचून दाखव."

"काय वाचू?"

"सगळं. सेन्सरपासून सुरू कर. कोण कोणाला जोडलंय, ते."

"अहो सर, तुमच्या समोरच तर..." ती थांबली. मग खुर्ची ओढण्याचा आवाज आला. "वाचते."

त्यांनी डोळे मिटले. ती वाचत गेली तसतसा एकेक ठोकळा त्या अंधारात आपल्या जुन्या जागी येऊन बसू लागला.

"सरासरी. तिथून एक तार आलेखाकडे. एक धोक्याच्या घंटेकडे."

"थांब. घंटेकडे तार सेन्सरमधून थेट येत नाही?"

"नाही, सर. सरासरीतून येतेय."

सरासरी म्हणजे मागच्या श्वासांचा हिशेब. श्वास थांबला तरी मागच्यांच्या पुण्याईवर ती काही काळ चालतच राहते. अकरा सेकंद.

"ही तार कधी जोडली गेली?"

कळांचा आवाज झाला.

"माझ्या मांडणीमुळेच झालं असेल, सर. मी सांगते तसं प्रमुखांना."

"मांडणी तारांना शिवत नाही. नोंदीतलं नाव वाच."

"तीन आठवड्यांपूर्वीचं आहे," ती हलकेच म्हणाली. "तुमचं आहे."

सरासरी आणि सेन्सर त्यांच्या मांडणीत अगदी शेजारी होते. केवळ बोटभर अंतर.

तिने तार जागेवर लावली. चाचणीत घंटा क्षणार्धात वाजली. तिने आनंदाने टाळी वाजवली. ते हलले नाहीत.

"दोषपत्रक उघड. कारण या रकान्यात लिही: तार जोडणाऱ्या अभियंत्याला पडद्यावरचे दिसत नाही. गेल्या वर्षभरात त्याने केलेला प्रत्येक बदल दुसऱ्या कोणी तपासल्यावाचून हे यंत्र रुग्णालयात पाठवू नये."

"सर, गाडी खाली आलीय. दोष निघालाय ना आता!"

"हा निघाला. लिही."

कळफलक वाजला आणि लगेच थांबला.

"वाचून दाखव."

तिने त्यांची दोन्ही वाक्ये शब्दशः म्हणून दाखवली. एवढ्या मजकुराला कळा पंधराही वाजल्या नव्हत्या.

"खोटारडी," ते मायेने म्हणाले. कळफलक त्यांनी स्वतःपुढे ओढला. मग त्यांची बोटे संथपणे, एकदाही न अडखळता, बराच वेळ चालली.

"आता खरं वाच."

तिने वाचले.

"एक चूक झालीय, सर. 'गेल्या वर्षभरात' म्हणाला होतात. इथे 'गेल्या दोन वर्षांत' पडलंय."

खालून गाडीचा भोंगा वाजला.

"ती चूक नाही," ते म्हणाले. "पत्रक पाठव."