पाय जाड होतील म्हणून

"मॅडम, यानं पाय जाडे तं नाही होणार ना?" पेडलवर पाय ठेवण्याआधी अंजनाबाईंनी विचारलं.

फिजिओथेरपिस्ट श्वेता हसली. "नाही काकू. हलकं ठेवून चालवलं तर उलट बारीक होतात. जड केलं तर थोडे भरतात, घट्ट होतात. पहिलवानासारखे नाही होत. काहून, भीती वाटून राहिली का?"

"नाही, असंच."

अंजनाबाई पाय फिरवू लागल्या. हुडकेश्वरला घरी शिलाई मशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून डॉक्टरांनी ही जागच्या जागी चालणारी सायकल सांगितली होती. पण प्रश्न त्यांच्या पायांचा नव्हता.

त्यांची मुलगी दीक्षा कॉलेजात असताना जिल्ह्याच्या सायकल शर्यतीत दुसरी आली होती. राज्याच्या निवडीसाठी ती व्यायामशाळेत अशाच सायकलवर घाम गाळायची. तिच्या सलवारी मांड्यांना दाटू लागल्या. माप घेता घेता अंजनाबाई म्हणाल्या होत्या, "पोरीचे पाय आहेत का हे? पाह्याले येणारे लोक काय म्हणतीन?" दीक्षा भांडली, रडली, जेवली नाही. शेवटी तिनं सायकल सोडली. मग कन्हानची माणसं तिला पाहायला आली. त्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. पायांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला दीक्षाच आईला घेऊन आली. बाकावर बसल्या बसल्या अंजनाबाई म्हणाल्या, "मॅडम म्हणे, पाय तसे नाही होत. मले तवा कोणी सांगतलंच नाही वं."

"तू कोणाले विचारलं होतं, आई?" दीक्षा हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. अंजनाबाईंना तो असता तर बरं वाटलं असतं.

"बसून पाहा ना जराशी," त्या म्हणाल्या.

"आता काय करू बसून?" म्हणत दीक्षानं सीट वर केली आणि बसली. पाठ आपोआप वाकली, नजर समोर लागली. पाय असे सुटले की श्वेताही काम सोडून पाहू लागली. तिनं दीक्षाला विचारून पेडल थोडे जड केले. क्षणभर पेडल फिरले, मग अडले. दीक्षाला धाप लागली. खाली उतरताना तिचे सडपातळ पाय थरथरत होते. अंजनाबाईंना त्यांच्याकडे पाहवेना.

दीक्षानं ओढणीनं सीट पुसली. मग ती आईच्या उंचीला आणून घट्ट बसवली.

"ये, बस," ती म्हणाली आणि आईला हात दिला.