मी झाकण नाही

मी एक जुना लेसचा रुमाल आहे, मित्रांनो. गोल, पांढरा, ताटलीएवढा. जुना म्हणजे वयाने नव्हे, अनुभवाने. हे आधीच सांगतो, कारण नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावात बराच काळ माझी ओळख 'झाकण' अशी होती. तेव्हापासून माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही.

मला शूशानबाईंनी केलं. त्या मूळच्या आर्मेनियाच्या. हातात फक्त शिवायची सुई आणि दोरा. एकेक बारीक गाठ मारत त्या मधल्या ठिपक्यापासून कडेकडे येत. आमच्यात प्रत्येक गाठ स्वतंत्र असते, त्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या उसवत नाहीत. माणसांत ही सोय नाही. आख्खा हिवाळा गेला. शेवटची गाठ मारून त्या म्हणाल्या, "आता डोळे साथ देत नाहीत. हा शेवटचा." मला गहिवरून आलं. मग त्यांनी मला अक्रोड भरलेल्या गोड ब्रेडवर अंथरलं. तिथे मला पहिला संशय आला.

ती ताटली त्यांनी शेजारी चैत्रालीच्या हातात दिली. चैत्राली आणि तिचा नवरा सत्यजित पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. ओळख येता-जाता हात हलवण्यापुरती. शूशानबाईंना इंग्लिश बोलायचा संकोच. "फॉर यू," एवढंच म्हणून त्या गेल्या.

"फॉर यू म्हणाल्या," चैत्राली म्हणाली.

"ब्रेड फॉर यू," सत्यजित म्हणाला. "वरचं झाकण आहे. आपण कोणाला डबा देतो, तेव्हा झाकण गिफ्ट करतो का?"

चैत्रालीने मला उलटंपालटं करून पाहिलं. तिच्या घरी प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं. वाटीवर नाव, पातेल्यावर नाव. माझ्यावर नाव नव्हतं. "हाताने केलेलं दिसतंय रे. असं कोणी उगाच देऊन टाकतं का? नक्की परत हवं असणार."

आता ताटली रिकामी परत करायची नसते. म्हणून तिने चकल्या भरल्या, वर मला सुरकुती न पडू देता अंथरलं आणि मोठ्या प्रामाणिकपणे मला परत केलं.

शूशानबाईंनी दार उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आवडला नाही वाटतं." पण चकल्या ठेवून घेऊन उलट काहीच न देणं त्यांच्याही रक्तात नव्हतं. त्यांनी आणखी मोठा ब्रेड केला आणि वर पुन्हा मी.

"सत्यजित, परत आलं!"

"काय?"

"झाकण!"

"बघ! म्हटलं नव्हतं? रोजच्या वापरातलं आहे ते त्यांच्या."

असा मी कुंपणाच्या कडेने फिरत राहिलो. इकडून शंकरपाळी, तिकडून ब्रेड. एकदा कोथिंबीर वडीखाली सापडलो आणि हळदीचा डाग पडला. शूशानबाईंनी साबण लावताच डाग लालभडक झाला. हळद साबणाने लाल होते, हे आर्मेनियन माणसाला कोण सांगणार? त्यांनी मला उन्हात धरलं आणि शेजारच्या घराकडे फार वेळ पाहिलं. त्यांना कसला संशय आला, हे मी आजही विचारलेलं नाही.

मग शूशानबाईंचं लॉस एंजेलिसला मुलीकडे जायचं ठरलं. दान करायच्या वस्तूंचं खोकं भरलं. त्यात सगळ्यात वर मी होतो. खोकं बंद करताना मात्र त्या थांबल्या, मला उचललं आणि तशाच शेजारी गेल्या. हातात ताटली नाही, ब्रेड नाही. प्रकरण गंभीर आहे हे मी तिथेच ओळखलं.

पुढचं बोलणं इंग्लिशमध्ये झालं. मी चकल्यांच्या सहवासात मराठी शिकलो, म्हणून मराठीत सांगतो.

"जायच्या आधी एकदा सांग," शूशानबाई म्हणाल्या. "यात वाईट काय आहे? दर वेळी परत का पाठवतेस?"

"वाईट? आंटी, मी तर जपून परत देत होते! तुमचं झाकण ना ते?"

"झाकण?"

मित्रांनो, त्या एका शब्दात आख्खा हिवाळा होता. सत्यजित पाणी आणायला आत गेला आणि बाहेर आलाच नाही.

चैत्रालीचे डोळे भरले. "इतकं सुंदर कोणी आम्हाला का देईल, असं वाटलं हो."

"हे घर कितीतरी दिवस बंद होतं," शूशानबाई म्हणाल्या. "तुमच्या खिडकीत दिवा दिसला, त्या दिवशी हा रुमाल करायला घेतला."

चैत्रालीने दोन्ही हात पुढे केले. मी दोघींच्या हातांत होतो. थोडा ओढला गेलो, पण एकही गाठ सुटली नाही.

आता मी बैठकीत फ्रेममध्ये असतो, लाल डागासकट. कोणी ताटली घेऊन आलं की अजून अंग चोरतो.

शूशानबाई गेल्यावर चैत्रालीने त्यांना स्टीलच्या डब्यात लाडू पाठवले. सत्यजितने विचारलंच, "डबा परत येईल ना?" ती म्हणाली, "झाकणावर नाव घातलंय रे. कळेलच त्यांना."

लॉस एंजेलिसहून फोटो आला. डब्याचं झाकण त्यांनी हॉलच्या भिंतीवर लावलं होतं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'चैत्राली' त्यांनी मुलीकडून फोनवर भाषांतर करून वाचून घेतलं म्हणे, आणि स्वतःचं नाव कोणी असं देऊन टाकतं का, म्हणून रडल्या. चैत्रालीने ते झाकण आजवर परत मागितलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, कोणी हाताने केलेलं काही पुढे केलं, तर शंका मनात ठेवू नका. 'हे आम्हाला?' एवढं तोंडाने विचारा आणि हो म्हणाले तर दोन्ही हातांनी घ्या. आणि लॉस एंजेलिसला ते झाकण भेटलं, तर माझा निरोप द्या. म्हणावं, भिंतीची सवय होते.