वार पाळणारं पाणी

माझ्या घरातला समुद्र दोनशे चाळीस लिटरचा आहे. लालबागेतल्या चौदाव्या मजल्यावर, दिवाणखान्याच्या भिंतीला लागून तो गेली पाच वर्षं उभा आहे. त्यातली प्रवाळं परदेशात शेतावर वाढवलेली आहेत. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे आणि तो मी केलेला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

प्रवाळ आपला सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम खर्च करतं. ते भरून काढण्यासाठी मी चुन्याची निवळी वापरतो. रीत साधी आहे. टाकीतलं सुमारे तीन लिटर पाणी रोज वाफ होऊन उडतं. मीठ मागे राहतं. टाकीखालच्या कपाटात एक लहान टाकी आहे आणि वरचं पाणी तिच्यातून सतत फिरत असतं. तिथली पातळी दोन मिलिमीटर उतरली की ऑटो टॉप-ऑफ नावाचं यंत्र शेजारच्या पिंपातली निवळी तेवढीच आत सोडतं. पाण्याची भरपाई आणि चुन्याची मात्रा, दोन्ही एकाच नळीतून. परळच्या एका औषध-तपासणी प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते.

माझा मित्र राजेश दादरला राहतो. त्याच्या टाकीला फोनवरून चालणारे तीन पंप आहेत. माझ्या पद्धतीला तो 'पानपट्टी' म्हणतो.

दीड महिन्यापूर्वी धाकट्या भावाच्या घोडपदेवच्या घरात लाद्या बदलायचं काम निघालं, म्हणून आई आमच्याकडे राहायला आली. आई, म्हणजे मीराबाई, वय अठ्ठ्याहत्तर. माहेर मालवणच्या किनाऱ्यावरचं. आल्या दिवशीच तिने टाकीबद्दल विचारलं, आणि मी कपाट उघडून तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ह्यो समुद्रच म्हण," ती म्हणाली.

"समुद्रच. तेच मीठ, तेवढंच."

"आणि पाणी कमी झाला की आपोआप भरता?"

"आपोआप."

"कितीव कमी झाला तरी?"

"कितीही."

"बरा आसा," असं म्हणून तिने कपाटाचं दार नीट लावलं. घरातल्या कुणीही या यंत्रात इतका रस आजवर घेतला नव्हता. मला समाधान वाटलं.

नऊ दिवसांनी क्षारता, म्हणजे किलोमागे मिठाचे ग्रॅम, मोजली तर ती पस्तीसवरून चौतीसच्या खाली आलेली. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मधूनच साडेआठच्या वर जात होता आणि पंपावर पांढरा थर धरू लागला होता. अठराव्या दिवशी क्षारता तेहतीसच्याही खाली गेली. पाच वर्षं वाढवलेल्या जांभळ्या प्रवाळाची टोकं फिकी पडली.

माझी पत्नी सुनेत्रा शाळेत गणित शिकवते आणि तिचा माझ्या छंदाला विरोध नाही; तिचा विरोध दुर्लक्षाला आहे.

"ती मरतायत, शंतनु," ती म्हणाली.

"कारण शोधतोय."

"तू शोधतोयस तोवर ती मरतायत. येत्या रविवारी दुपारी जेवणं होईपर्यंत कारण सापडलं नाही, तर सगळं राजेशकडे जाईल. तिथे निदान जगतील."

"राजेशकडे?"

"मी त्याला फोन केलाय. तो पाण्याचे कॅन घेऊन येतोय. जेवायलाही बोलावलंय."

हे न्याय्य होतं, म्हणूनच असह्य होतं.

मी संशयितांची यादी केली. नवीन दिवा, मिठाची नवीन पिशवी, पंखा, वातानुकूलन. एकेकाची तपासणी केली आणि एकेकाला निर्दोष सोडलं. खरी अडचण तत्त्वाची होती. पाणी कितीही उडालं तरी मीठ उडत नाही. मग क्षारता उतरते, याचा अर्थ मीठ बाहेर जातंय. म्हणजे गळती. कपाटाखाली वर्तमानपत्र पसरलं. ते चार दिवस खडखडीत कोरडं राहिलं.

मग पिंपावर मार्करने रोज रात्री रेघ मारायची माझी जुनी सवय कामी आली. रेघांमधली अंतरं मोजली. सोमवारी तीन लिटर, मंगळवारी तीन, गुरुवारी आणि शनिवारी तीन. बुधवारी पाच. शुक्रवारी पाच. रविवारी पाच. सलग अडीच आठवडे हेच.

वाराप्रमाणे गळणारी टाकी मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. त्यातही एक बुधवार अपवाद होता; त्या दिवशी तीनच लिटर गेले होते. मी कॅलेंडरात पाहिलं. त्या दिवशी संकष्टी होती.

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण समोरच्या बकुळाताई नेमक्या त्याच वेळी विरजण मागायला आल्या, आणि टेबलावरचा तक्ता त्यांनी चष्मा सारखा करून वाचला.

"संकष्टीला गळत नाही?"

"योगायोग आहे."

"हो का. आणि एरवी त्या तीन वारी पाणी नेतो तो कोण?"

"अजून ठरलेलं नाही."

"ठरव बाबा," त्या म्हणाल्या. "तुझ्या पाण्याला चतुर्थी कळते. तुला कळत नाही." विरजणाची वाटी घेऊन जाताना त्यांनी टाकीला हलकेच नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या आणखी दोघीजणी टाकी पाहून गेल्या. एकीने काचेवर हळदीचं बोट टेकवलं.

मी आईलाही विचारलं होतं. साक्षीदार वगळायचा नाही, हा नियम आहे.

"आई, या टाकीला कुणी हात लावतं का?"

"कोण लावतला? मी तर त्या काचेजवळ जाणंय नाय."

उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

रविवार उजाडला. सकाळी मीच बाजारातून सुरमई आणि जिवंत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या, कारण राजेशला तिसऱ्या आवडतात आणि हरणाऱ्याने निदान यजमानपण नीट निभावावं. मग अंघोळीला गेलो. बाहेर येऊन सामू पाहिला तर तो पुन्हा साडेआठ ओलांडून गेलेला. मी ओल्या केसांनी टाकीसमोर उभा राहिलो. कपाटाखालचा कागद कोरडा होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मनात असा विचार आला, की आणखी एखादी संकष्टी पाहून मगच निष्कर्ष काढावा. या विचाराची मला अजून लाज वाटते.

राजेश साडेबाराला आला. दारात त्याने वीस लिटरचे आठ कॅन रचून ठेवले आणि टाकीसमोर उकिडवा बसून प्रवाळाचं एकेक टोक निरखलं. हे टोमण्यापेक्षा वाईट होतं.

"जांभळं वाचेल," शेवटी तो म्हणाला. "आज नेलं तर."

"आधी जेवून घ्या," सुनेत्रा म्हणाली.

आम्ही जेवायला बसलो. आई वाढत होती. राजेशने तिसऱ्यांचा पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. दुसरा घेतला. मग वाटी उजेडात धरून तिचा तळ पाहिला.

"काकू, एक कण लागला नाही दाताखाली. आमच्याकडे तिसऱ्या म्हणजे अर्धं बांधकाम असतं."

"इथे गेले तीन आठवडे असंच आहे," मी म्हणालो. ही नोंदही माझ्याकडे होती. फक्त ती वेगळ्या वहीत होती.

"काकू, करता काय?"

"करूचा काय? दोन तास पाण्यात ठेवूचे. गोड्या पाण्यात घातलंस तर तोंड मिटून बसतत. समुद्राचा पाणी गावला की उघडतत आणि रेव टाकतत. मासोसुद्धा त्याच पाण्यात धुवूचो."

"समुद्राचं पाणी लालबागेत कुठून आणता?"

आईने हातातल्या डावाने टाकीखालचं कपाट दाखवलं.

सुनेत्राने हळूच बोटं मोजली. बुधवार, शुक्रवार, रविवार. मग ती ताटावर वाकली आणि तिचे खांदे हलू लागले.

"आई," मी म्हणालो, "तू म्हणाली होतीस, हात लावत नाही."

"काचेक खंय हात लावलंय? खालच्या कपाटातला घेतलंय. दोन तांबे. तूच म्हणालंस, कितीव कमी झाला तरी भरता." तिने माझ्या वाटीत आणखी एक डाव वाढला. "भरता बरोबर. त्याका नाव ठेवूक नको."

ते खरंच होतं. यंत्राचा काडीचाही दोष नव्हता. खारं पाणी गेलं की वाफच झाली असं धरून त्याने इमानाने दोन लिटर निवळी एका दमात ओतली होती; मीठ उतरलं ते त्यामुळे, सामू चढला तोही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमच्या घरातले मासळीचे वार आहेत. हे मला जन्मापासून माहीत आहे. संकष्टीला आई उपास करते, हेही. माझ्या यादीत दिवा होता, पंखा होता, मिठाची पिशवी होती. आई हा चल मी धरलाच नव्हता.

राजेशने पाणी पिऊन घेतलं. "म्हणजे कारण मी शोधलं."

"तू फक्त तिसऱ्या खाल्ल्यास," मी म्हणालो.

"प्रश्न कुणी विचारला?"

आम्ही दोघांनी सुनेत्राकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. "अट होती, जेवणं होईपर्यंत कारण सापडावं. कुणाला सापडावं, हे मी म्हटलं नव्हतं. आणि जेवणं अजून झालेली नाहीत. टाकी राहील."

राजेश कॅन रिकामेच घेऊन गेला. तिसऱ्यांचा डबा मात्र भरलेला नेला.

त्याच संध्याकाळी मी मीठ हळूहळू वाढवत नेण्याचं वेळापत्रक केलं आणि आईसाठी पाच लिटरचा वेगळा कॅन भरून स्वयंपाकघरात ठेवला: तेच मीठ, किलोमागे पस्तीस ग्रॅम, चुना नाही. टाकीत कधीही औषध घातलेलं नव्हतं आणि दोन लिटरमधल्या जादा चुन्याने कुणाला काही होत नाही, हे हिशेब करून मी बकुळाताईंनाही कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण संकष्टीबद्दलचं मत बदललं नाही.

आईने कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं.

"हां. ह्या खरा. तुझो तो पहिल्या आयतवारी बरो होतो. दुसऱ्या आयतवारपासून अळणी व्हत गेलो. मी म्हटलंय, पोरगो मीठ घालूक विसरता."

पहिल्या रविवारनंतरच्या आठवड्याचा आलेख मी काढून पाहिला. तिच्या जिभेने जे दुसऱ्या रविवारी सांगितलं, ते माझ्या उपकरणाने त्यानंतर दोन दिवसांनी सांगितलं होतं.

बोटाची चव हे मोजमाप नव्हे. तिची पुनरावृत्ती तपासलेली नाही आणि त्रुटीची मर्यादा अज्ञात आहे. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने लसूण सोलता सोलता ऐकलं. जांभळ्या प्रवाळाची टोकं आता पुन्हा भरत आहेत आणि बुधवारी पिंपातून तीनच लिटर जातात. नोंदवहीत मात्र मी एक रकाना वाढवला आहे. त्याच्या डोक्यावर 'आई' असं लिहिलं आहे. आतापर्यंत त्यात दोनच नोंदी आहेत: 'बरा' आणि 'वायच कमी'.

दुसरी नोंद झाली तेव्हा मी लगेच क्षारता मोजली. चौतीस पूर्णांक सहा होती.