टकळीचं अर्धं राहिलेलं वाक्य

मित्रांनो, मला पाण्याची टाकी समजून टकटक वाजवू नका बरं! पाटीवर माझं नाव 'कृत्रिम श्वासयंत्र' असं लिहिलंय, पण मी आपला जुना ढोल्या. हे नाव मला टकळीनं ठेवलं.

एका कारखान्यात माझं लोखंडी पोट घडलं, खाली चामड्याचा भाता बसला आणि मी इस्पितळात आलो. तेव्हा पोलिओची लस नव्हती. त्या आजारानं ज्यांची छातीच लुळी पडायची, त्यांना माझ्या पोटात झोपवत. डोकं तेवढं बाहेर. माझा भाता हले, तसा त्यांचा श्वास चाले. डॉक्टर पाठ थोपटून म्हणत, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मला कोण आनंद व्हायचा!

टकळी सात वर्षांची होती. भारी बडबडी, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. पण मी हवा बाहेर सोडीन, तेव्हाच तिला बोलता येई. वाक्याच्या मध्येच मी हवा आत ओढायचो आणि तिचं तोंड बंद. "थांब रे मेल्या ढोल्या, माझं बोलणं तर संपू दे!" ती करवादायची. तिची आई उशाशी स्टुलावर बसे. लेकीचा पुढचा शब्द येईपर्यंत तीही श्वास धरून ठेवी.

एका संध्याकाळी आई निघताना टकळी म्हणाली, "आई, उद्या येताना..."

मी हवा ओढली. आई थांबली. मी हवा सोडली, पण शब्द आला नाही. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. डॉक्टरांनी मानेपाशी नाडी पाहिली आणि माझ्या बटणाकडे हात नेला.

"अहो, थांबा ना!" आई ओरडली. "तिचं बोलणं अर्धं राहिलंय!"

पुढे लस आली आणि माझं काम संपलं. फार बरं झालं. मी तळघरात धूळ खात पडलो, भात्याला चिरा गेल्या. या संग्रहालयात आणताना मला वरून रंग दिला, भाता मात्र तसाच.

परवा ती आई आली होती. पार वाकलीय आता. रखवालदाराला म्हणाली, "दादा, एकदाच चालू कराल का हो?"

"नाही हो आजी, भाता फाटलाय त्याचा."

तिनं माझ्या रिकाम्या उशीवर हात ठेवला. "बोल गं बाळा, उद्या येताना काय आणू?" असं म्हणून ती श्वास धरून थांबली. माझा जीव तुटत होता, पण एक उसासा सोडण्याइतकीही हवा माझ्यात नव्हती.

मित्रांनो, कुणीतरी माझा भाता शिवा. आणि घरी आईशी बोलताना वाक्य अर्धं टाकून पळू नका. ती थांबून राहते.